लगडीवरचा अंगठा

दिवा तिथेच राहू दे. गोष्ट भर दुपारची आहे, पण सांगताना मला उजेड लागतो.

मी चांदी पारखतो. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं हातांनी शिकलो. एकदा धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा निरोप आला की काटा घेऊन या, सगळ्या लगडी विकायच्या आहेत. त्यांना मी जावईबापू म्हणायचो. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मोजकं. हौस एकच, बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या चांदीच्या लगडी जमवायच्या. हल्लीच्या लगडी यंत्रातून निघतात, सगळ्यांचा तोंडवळा एकच. पूर्वी माणूस हाताने साच्यात चांदी ओतायचा. ती थिजताना तिच्यावर वलयं उमटायची, पाण्यात खडा पडल्यासारखी. वर्षं गेली की त्यावर काळपट, जांभळट साय धरते. जुन्या लगडीची किंमत त्या सायीत असते. घासून लख्ख केली की ती नुसता वितळवायचा माल.

म्हणून तिला कोणी उघडा हात लावत नाही. बोटाचा घाम त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी डाग वर येतो, रेघ न् रेघ, आणि मग राहतो.

त्यांना एक मुलगी होती. मी तिला मुंगी म्हणायचो, कारण तिला नेहमी झेपणार नाही तेच उचलायचं असायचं. सहा वर्षांची असताना तिने पेटीतली सगळ्यात जुनी लगड दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यापुढे आणून धरली. म्हणाली, "मामा, ही माझी." त्याच वर्षी ती तापाने गेली.

ती गेल्यावर लगडीवर तिच्या अंगठ्याचा ठसा वर आला. जावईबापूंनी मला तो भिंगातून दाखवला होता. शर्टाच्या बाहीच्या बटणाएवढा. मधोमध तिरकी चीर, डब्याच्या पत्र्याने कापलं होतं तिथली. नंतर ती पेटी माझ्यासमोर कोणी उघडली नाही. मीही विषय काढला नाही. वीसेक वर्षं गेली.

निरोपावरून मी गेलो तर दार बहिणीनेच उघडलं. माझ्या हातातला काटा बघून म्हणाली, "आधी स्वतःला तोल. काय उरलंयस?" तीच अर्धी झाली होती. चहा ठेवला आणि पुन्हा विणायला बसली. पांढरी लोकर, छोटंसं काहीतरी.

जावईबापूंनी मला बाहेर ओट्यावर नेलं. सांगू लागले की ती रोज दुपारी मागच्या खोलीत जाते, ती एक लगड मांडीवर घेते आणि तिच्याशी बोलत बसते. इतकी वर्षं चालवून घेतलं. पण आता ती जेवायचंही विसरते. उद्या गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला सगळा संच हवा होता, त्या लगडीसकट.

"तुम्ही तो डाग पुसा, दादा," ते म्हणाले. "माझा हात होत नाही. डाग गेला की ती सुटेल."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पुसतो म्हणालो.

मागची खोली बंद असायची. खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात लोखंडी पेटी. आत लोकरीचा वास होता, जुन्या लाकडाचा होता, आणि आणखी एक... नुकत्याच धुतलेल्या केसांचा. ओल्या केसांचा. बहीण तर केसांना रुमाल बांधून स्वयंपाकघरात होती.

मी हातमोजे चढवले आणि कामाला लागलो. एकेक लगड तोलायची, दोऱ्याला टांगायची, लाकडी काडीने हलकेच वाजवायची. खरी चांदी वाजते आणि वाजतच राहते. सगळ्या गुणी निघाल्या. शेवटी ती घेतली. काडी मारली. आवाज स्वच्छ उठला... आणि मध्येच थांबला. कोणी तळवा ठेवावा, तसा.

पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

मी पडदा सारला आणि भिंग लावलं. अंगठा होता. तीच वळणं, तीच तिरकी चीर. पण बटणाएवढा नव्हता. माझ्या अंगठ्याहून जरासाच लहान. वयात आलेल्या बाईचा.

डाग पसरतो, हे मला ठाऊक आहे. पसरला की रेघा फिसकटतात. या रेघा फिसकटल्या नव्हत्या. त्या वाढल्या होत्या.

पुसायचं फडकं माझ्या हातातच राहिलं. दारात बहीण उभी होती. तिने फडक्याकडे पाहिलं.

"पुसू नकोस, दादा," ती म्हणाली. "तिला वाढायला एवढीच जागा आहे."

बाहेर येऊन मी जावईबापूंना सांगितलं की लगडीत शिसं आहे, गिऱ्हाइकाला दाखवू नका, माझं नाव जाईल. आयुष्यात मी तेवढी एकच पारख खोटी केली आणि तिची मला लाज नाही. ती लगड त्यांनी स्वतः शंभरदा तोलली होती. त्यांनी चष्मा काढला, घड्याळाची काच पुसावी तसा पुसत बसले आणि म्हणाले, "मोठी दिसते ना... मलाही दिसते."

गिऱ्हाईक आलं आणि बाकीच्या लगडी घेऊन गेलं.

जावईबापू पुढच्याच वर्षी गेले. बहीण या हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिने मला एक गाठोडं दिलं. आत लगड, आणि तिच्याभोवती ती पांढरी लोकर, विणून पुरी झालेली. तान्ह्या बाळाचं टोपडं. मी विचारलं, हे कोणासाठी. ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "तू मामा होतास, दादा," म्हणाली. "आता आजोबा हो."

मी एकटा राहतो. या घरात लहान मूल कधी आलं नाही. लगडीला मी हातमोज्यांशिवाय हात लावलेला नाही.

आता भिंग घे आणि दिवा जवळ कर. हा मोठा अंगठा, ही चीर. त्याच्या शेजारी बघ. तांदळाएवढं... हो, तेच. त्याला चीर नाही. डाग वर यायला महिने लागतात, हे मी तुला मघाशीच सांगितलं. हा परवा नव्हता.

टोपडं मी रात्री लगडीशेजारी ठेवतो, नाडी घट्ट बांधून. सकाळी ती सुटलेली असते, आणि टोपड्याला ओल्या केसांचा वास येतो.