वाकड्या माथ्याचा खिळा

पुंडलिकरावांची दाढ दुखायला लागली ती तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहा पिताना. डावीकडची, खालची. उभ्या आयुष्यात या दाढेनं त्यांनी ऊस सोलला, सुपारी फोडली, पण तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणून पहिले दोन दिवस त्यांनी कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशी लवंग धरली. चौथ्या दिवशी कान, कानशील, डोळ्यामागचा भाग असं सगळं ठणकायला लागलं, आणि जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगासमोर उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दिग्रसच्या त्या जिनिंगमध्ये ते तीस वर्षं कापूस पारखत होते. मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांनी ओढून धागा बघायचा, पातीकचरा वेचून बाजूला टाकायचा. हाताला लागेल तेवढंच खरं मानणारा माणूस. घरात कोणी दृष्ट काढायला बसलं, की मीठ-मोहरी वाया गेली म्हणून हे कुरकुर करणार.

या स्वभावापायीच एका झाडाचं लाकूड त्यांच्या घरी आलं होतं. गावाबाहेरचा रस्ता रुंद करताना तिथलं म्हातारं कडुनिंबाचं झाड तोडलं गेलं, आणि त्याचं लाकूड कोणी घेईना. त्या झाडाचा पाला गावातलं कोणी पाडव्यालासुद्धा आणत नसे. काहून, हे कोणाला धड सांगता येत नव्हतं. पुंडलिकरावांनी मात्र बुंध्याचा चांगला चार हात तुकडा बैलगाडीत घालून आणला. त्यांची सलोनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. नातवाला पाळणा कडुनिंबाचाच हवा, त्याला कीड लागत नाही आणि बाळालाही चांगला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मारोतराव सुतारानं बुंधा पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि हात पुसला.

"यात खिळे हायेत भाऊ. खिळे असले तं मी आरा लावत नाई, तुटते."

"मंग काढ ना."

"मी काढत नाई."

हे शेवटचं वाक्य पुंडलिकरावांना खटकायला हवं होतं. पण कचरा वेचायचं काम म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवले. एका दुपारी अंगणात बसून पक्कडीनं त्यांनी एक एक खिळा उपसला. जुने, घडीव, चौकोनी माथ्याचे सात खिळे. सगळ्यांत लांब होता त्याचा माथा वाकडा होता. लाकडातून निघताना प्रत्येक खिळा बारीक कण्हल्यासारखा वाजला, पण जुन्या लाकडातून खिळा निघताना वाजतोच. त्यांनी ते पत्र्याच्या डब्यात टाकून माळ्यावर ठेवले. पाळणा छान झाला.

बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानावर डॉक्टर साधनाचा दातांचा दवाखाना होता. तरुण, नीटस, कमी बोलणारी मुलगी. तिनं दाढेचा एक्स-रे काढला आणि बराच वेळ पडद्यापुढं उभी राहिली.

"काका, ही दाढ आधी कुठं भरून घेतली होती?"

"नाई जी. कधीच नाई."

पडद्यावर दाढेच्या मुळातून एक पांढरी, सरळ रेघ खाली गेली होती. धातू एक्स-रेत असाच दिसतो, एवढंच ती म्हणाली. मग तिनं जबडा बधिर केला, दाढ उघडली. आत धातू नव्हता. तिच्या बारीक सुया मुळाच्या नळीतून आत जायच्या आणि बाहेर यायच्या, तेव्हा त्यांच्या टोकाला तांबूस पाणी लागलेलं असायचं. तोंडात गंजाची चव आली. तीन खेपांत नस काढून, मूळ साफ करून, भरून तिनं वर टोपी बसवली, आणि ठणका एखादा दिवा मालवावा तसा थांबला. पुंडलिकरावांनी जाता जाता तिला घरच्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या.

आठ दिवसांनी शेजारची दाढ सुरू झाली. पुन्हा तोच एक्स-रे, तीच रेघ, तेच तांबूस पाणी, आणि पुन्हा आराम.

तिसरी दाढ उजवीकडची, वरची. तिचा ठणका आधीच्या दोघींना लाजवणारा होता. आणि नेमकी डॉक्टर साधना बहिणीच्या लग्नाला गेलेली. पुंडलिकराव दोन रात्री भिंतीला डोकं लावून बसले. त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, मीठपाणी दिलं, शेक दिला, शेवटी त्याही रडायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ते पुसदच्या बसमध्ये बसले आणि दिसेल त्या पहिल्या दवाखान्यात जाऊन म्हणाले, "उपटून टाका. काही इचारू नका." डॉक्टरनं समजावून पाहिलं, पण हे हात जोडून उभे. दाढ निघाली आणि ठणकाही गेला.

ते घरी आले, तेव्हा बाळंतपणाला आलेल्या सलोनीनं साड्यांचं गाठोडं ठेवायला माळा आवरायला घेतला होता. तिनं डबा खाली दिला. पुंडलिकरावांनी तो सहज उघडला. आत पाच खिळे होते.

सात होते, हे त्यांना पक्कं आठवत होतं. दोन कमी. दोन दाढा भरून झाल्या होत्या. या विचाराचं त्यांना हसू आलं, आणि मग वाकड्या माथ्याच्या खिळ्याकडं लक्ष गेलं. बाकीचे चारही कोरडे, गंजलेले. याचं टोक ओलं होतं. त्यांनी बोट लावलं. रक्त ताजं होतं.

त्याच आठवड्यात गल्लीतली धुरपताबाई पोटुशी पोर बघायला आली. ऐंशीच्या पुढची बाई. सलोनीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला, पाळण्याचं कौतुक करायला वळली आणि तिथंच थांबली.

"लाकूड कोन्तं हाये रे हे?"

"रस्त्यावरच्या निंबाचं," पुंडलिकराव म्हणाले.

"अन् खिळे?"

"काढले."

"कोनं काढले?"

"म्याच काढले, आजी. काहून?"

धुरपताबाईनं सलोनीला पाणी आणायला आत पाठवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्यातला एक माह्या सासऱ्यानं ठोकला. माही दाढ होती. तीन महिने अन्नाचा कन पोटात नोता. दाढेले खिळा लावला, मंग झाडात ठोकला, अन् मांगं पाहू नको म्हने. नाई पाह्यलं. साठ वर्सं झाली, दुखली नाई."

"मंग बरंच झालं की."

"दुखनं मरते थोडंच? ते तिथं ठुलं होतं." तिनं त्यांच्या गालाकडं पाहिलं. "नस मारून घेत असशीन तं घे. ते तिथंच बुजते. पन दाढ उपटू नको. उपटली का ते मोकळं होते."

पुंडलिकरावांची जीभ उजवीकडच्या रिकाम्या खड्ड्यावर गेली.

"उपटली असली तं?"

म्हातारी उठली. दाराशी जाऊन तिनं एवढंच विचारलं, "घरात दात यायचे कोनाचे बाकी हायेत?"

सलोनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा म्हातारी निघून गेली होती.

पुढच्या महिना-सव्वा महिन्यात पुंडलिकरावांच्या आणखी चार दाढा गेल्या. गेल्या म्हणजे दुखल्या, उघडल्या, भरल्या. एक दाढ सुरू झाली की डब्यातला एक खिळा कमी. आता ते डॉक्टरकडं तक्रार घेऊन जात नसत, घाई करत. "काढायची नाई हां बाई. वाचवा," असं दर वेळी बजावत. दुखणं आलं की त्यांना बरं वाटायचं, हे विमलताईंना कळेना. गाल सुजलेला आणि माणूस खुशीत. त्या म्हणाल्या, "तुमाले येड लागून राह्यलं."

पाळणा त्यांनी एका सकाळी कुऱ्हाडीनं फोडून बंबात जाळला. वाळवी लागली म्हणाले. सलोनी दिवसभर बापाशी बोलली नाही.

संक्रांत झाली. डब्यात एकच खिळा उरला, वाकड्या माथ्याचा. आणि पुंडलिकरावांचं तोंड शांत झालं. थंड पाणी प्या, गूळ खा, काही होत नव्हतं. असं निरोगी तोंड त्यांना सोसवेना. उशाशी तो खिळा घेऊन झोपले. दातांत धरून बसले. शेतातल्या निंबात ठोकून पाहिला, तर तो लाकडात शिरेना, हातोडीखालून उडून पायाशी पडे. जुन्या झाडाच्या जागी गेले. तिथं आता डांबर होतं आणि त्यावरून ट्रक जात होते.

सलोनीला नववा सरत आला. पुंडलिकराव डॉक्टर साधनाकडं गेले. इतर रोगी जाईपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग खिळा तिच्या टेबलावर ठेवला.

"एक दाढ उघडा. कोन्तीबी. अन् हा आत घाला."

"काका, ही दाढ चांगली आहे."

"मले माहीत हाये. पाया पडतो बाई. माह्या पोरीचं लेकरू यायचं हाये. ते यायच्या आधी हे माह्यात यू द्या." एकसष्ट वर्षांचा तो माणूस खरंच खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं.

"निरोगी दाताला मी हात लावू शकत नाही, काका."  खिळ्याकडं ती बघत नव्हती. "तुमचे एक्स-रे मी कपाटात ठेवलेत. कोणाला दाखवले नाहीत. मला सांगता येणार नाही ते काय आहे."

पुंडलिकरावांनी खिळा उचलला आणि ते बाहेर पडले. जिन्यात त्यांना रडू कोसळलं.

माघातल्या एका मंगळवारी सलोनीला यवतमाळला नेलं. विमलताई आत, पुंडलिकराव बाहेर बाकावर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत डबा. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, खाली कोणीतरी केळीचं साल टाकलं होतं. दर थोड्या वेळानं ते पिशवी हलवत. खुळ्ळ. आहे.

दीड वाजला. खुळ्ळ.

दोन वाजले. आतून सलोनीची किंकाळी आली. त्यांनी पिशवी छातीशी धरली. माह्यात ये, ते पुटपुटत होते. माह्यात ये बाप्पा, म्हाताऱ्यात ये.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाळ रडलं.

त्यांनी पिशवी हलवली.

काही वाजलं नाही.

मग डबा काढून त्यांनी झाकण उघडलं. आत गंजाची थोडी पूड होती. बाकी काही नव्हतं.

अर्ध्या तासानं नर्सनं आत बोलावलं. नातू होता, चांगला तीन किलोचा. सलोनी थकून हसत होती. नर्स म्हणाली, "काही नाही, एक दात घेऊन आलाय. वर, उजवीकडं, मागं. असतो एखाद्याला. डॉक्टर बघतील."

पुंडलिकराव वाकले. बाळानं जांभई दिली. गुलाबी हिरडीत तो एकच दाणा होता, तांबूस, आणि त्याचा माथा चौकोनी होता. एका बाजूला वाकलेला.

जांभई मिटली. बाळानं तोंड कसनुसं केलं, पण रडलं नाही. इवलीशी मूठ सावकाश वर आली आणि उजव्या गालावर टेकली.

"पाहा तं," विमलताई कौतुकानं म्हणाल्या, "थेट तुमच्यावानी गाल धरून झोपते."