परवा ट्रॉली तीन धोका

सोनजाई डोंगरावरचा पूर्वसूचना प्रकल्प शंभर टक्के यशस्वी झाला आणि वाल्मीक आहिरे यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

या दोन्ही गोष्टी घडलेल्याच नाहीत असं समजून पुढे चला. सोमवार आहे, सकाळचे दहा वाजत आले आहेत, वाल्मीकमामांना दोन पाय आहेत आणि प्रकल्पाच्या यशाबद्दल कुणालाच खात्री नाही.

कालप्रतिध्वनी केंद्र म्हणजे रोपवेच्या खालच्या स्थानकामागची एक पत्र्याची शेड. आत पोलादी कपाट, कपाटात एक स्फटिक, आणि कपाटाबाहेर स्वेटर घालून बसलेली माणसं, कारण कपाटातून गारवा गळतो. गळती बुजवणं दुसऱ्या टप्प्यात होतं. पहिला टप्पा संपला हे जाहीर करणारा नमुना तिसऱ्या टप्प्यात तयार होणार होता.

या स्फटिकाचं तत्त्व समितीचे अध्यक्ष चिपाडे साहेब यांनी तेरा महिन्यांपूर्वी, पहिल्याच बैठकीत समजून घेतलं होतं. भौतिकीचे डॉ. अशफाक मणेर यांना त्यांनी सांगितलं की शाळेतल्या मुलाला सांगता तसं सांगा.

"डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी थोड्या वेळानं येतो," मणेर म्हणाले. "या स्फटिकात तो आधी येतो."

"हाक मारण्याच्या आधी?"

"हो. अठ्ठेचाळीस तास आधी. बुधवारी पाठवलेला संदेश याच स्फटिकातून सोमवारी बाहेर पडतो."

"अठ्ठेचाळीसच का?"

"स्फटिक तेवढाच लांब मिळाला."

चिपाडे साहेबांनी ते लिहून घेतलं. मणेरांनी दोन अडचणीही सांगितल्या. एक, आठ अक्षरांत स्फटिक तापतो. नववं अक्षर जात नाही. दोन, एकदा तापला की निवायला चार महिने लागतात. म्हणजे दर चार महिन्यांनी एक हाक, तीही आठ अक्षरांची. रोपवेवर अपघात झाला, तर तो व्हायच्या आधीच स्वतःला कळवायला तेवढी पुरे होती.

शर्वाणी दुसाने या प्रकल्पाची व्यवस्थापक होती. वय एकोणतीस. "आठ अक्षरं मोकळी ठेवा, पाठवणारा काय ते लिहील," असं तिने पहिल्या बैठकीत सुचवलं. समितीने त्यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीने सात महिन्यांत संदेशनमुना बनवला: चार रकाने. काळ, वस्तू, क्रमांक, स्थिती. क्रियापदाला रकाना नव्हता. क्रियापद आलं की अक्षरं वाढतात.

काळाच्या रकान्यात कोणते शब्द घ्यायचे यावर आणखी तीन महिने गेले. वारांची नावं घ्यावीत, तर रविवारी धोका असल्याचं कार्यालयाने मान्य केल्यासारखं होतं, आणि रविवारी कार्यालय बंद असतं. तारखा घ्याव्यात, तर एका सदस्याचं म्हणणं पडलं की मग तिथीही घ्या. 'काल' आणि 'उद्या' गळाले, कारण यंत्र एका दिवसाचं कामच करत नाही. 'आज' सर्वात आधी गळाला. आजचा धोका ही पूर्वसूचना नव्हे, असं चिपाडे साहेबांनी दाखवून दिलं. तो अपघात विभागाचा विषय.

उरला 'परवा'.

"तो तर दर वेळी तोच असणार," शर्वाणी म्हणाली. "मग रकानाच काढून टाकू. तीन अक्षरं वाचतील."

चिपाडे साहेब म्हणाले की रकाना मंजूर झालेला आहे, आणि मंजूर रकाना रिकामा ठेवता येत नाही.

त्या दिवशी वाल्मीकमामा शेडचं दार नीट लागत नाही म्हणून बिजागरी बघायला आले होते. मामा रोपवेचे जुने चालक, वय सत्तावन्न. रोज सकाळी ते प्रत्येक ट्रॉलीत एकटे बसून वर जाऊन यायचे, वाटेत तारेवरच्या पकडीवर पाना ठोकून आवाज ऐकायचे, आणि आवाज पटला तरच त्या ट्रॉलीत प्रवासी घ्यायचे. शिवाय सोनजाईच्या अकराशे पायऱ्यांच्या शर्यतीत पन्नाशीपुढच्या गटात ते सलग चार वर्षं पहिले आले होते. गटात दोघेच होते, पण दुसरा बेचाळीस वर्षांचा होता आणि खोटं वय सांगून शिरला होता, हे मामा आवर्जून सांगत.

भिंतीवरचा नमुना वाचून मामांनी पाना खाली ठेवला.

"परवा म्हंजी कंचा, ताई? गेलेला का येणारा?"

चिपाडे साहेबांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याला खूण केली की हे घेऊ नका. प्रश्नकर्ते समितीचे सदस्य नाहीत. शर्वाणी हसली. म्हणाली, मामा, पूर्वसूचना आहे, म्हणजे येणाराच ना. मामांनी मान हलवली आणि बिजागरीला तेल घातलं.

तिचा एकच प्रस्ताव समितीत वादाशिवाय मंजूर झाला होता. या कार्यालयात सहीअभावी काहीही अडकतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लिहून घेतलं की अपघाताची अधिकृत नोंद होताच यंत्राने संदेश स्वतः भरावा आणि चार मिनिटांत स्वतः पाठवावा. मध्ये माणूस नको, बटण नको, कपाटाला बाहेरून किल्लीही नको. या कलमाचा तिला अभिमान होता. बाकी तेरा महिन्यांत अभिमान बाळगण्यासारखं फारसं काही झालं नव्हतं.

तर सोमवार. दहा वाजून चार मिनिटांनी कपाटाने टक् असा आवाज केला आणि बाहेर चिठ्ठी आली:

परवा ट्रॉली ३ धोका

मणेर इतके खूश झाले की त्यांनी स्वेटर काढला, मग थंडी वाजली म्हणून परत घातला. भविष्यातून आलेली पहिलीच हाक. चिपाडे साहेबांनी अकरा वाजता तातडीची बैठक घेतली आणि पहिल्यांदाच ती अकरा वाजता सुरूही झाली. बुधवारी तीन नंबरची ट्रॉली बंद. बुधवारी तंत्रज्ञ तैनात. बुधवारी खालच्या स्थानकावर रुग्णवाहिका, वर्तमानपत्रांचे वार्ताहर, दोन खुर्च्या सावलीत.

सहा ट्रॉल्यांचा प्रत्येकी एक वार ठरलेला होता. त्या दिवशी दुपारी तिच्या पकडीचे बोल्ट आवळले जात. तीन नंबरचा वार सोमवार. पण बुधवारी तिची संपूर्ण तपासणी होणारच होती, आणि नोंदवहीत एका आठवड्यात एका ट्रॉलीला एकच ओळ होती. सोमवारचं आवळणं बुधवारच्या तपासणीत विलीन करण्यात आलं. शर्वाणीनेही सही केली. अकरा सह्यांमधली सातवी.

दुपारी तीनला मामा शेडशी आले. म्हणाले, तीन नंबरचा सकाळचा आवाज काही पटला नव्हता, प्रवासी घेतलेच नाहीत. एकदा वर जाऊन परत ऐकतो. बोल्ट आवळायला तर कुणी आलं नाही. जाऊ का नको?

शर्वाणी बुधवारच्या वार्ताहरांची यादी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आज काही नाही, मामा. धोका परवा आहे."

मामा गेले. तीन वाजून बावीस मिनिटांनी पकड निसटली. ट्रॉली तारेवरून उलटी घसरत आली आणि खालच्या फलाटावर आदळली. मामा दार उघडून उडी मारण्याच्या तयारीत होते. त्यांचा एक पाय बाहेर होता.

मंगळवारी शर्वाणी इस्पितळात गेली. मामांच्या चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. तिने मोसंबी ठेवली, मग ती पिशवीतून काढून परत ठेवली.

"चिठ्ठी खोटी निघाली, मामा," ती म्हणाली. "बुधवार म्हणाली होती."

"बुधवार कुठं म्हणाली? परवा म्हणाली." मामा छताकडे बघत होते. "लिहिणारं यंत्र बुधवारी बसलंय, ताई. त्याचा परवा म्हंजी सोमवार. गेलेला. इचारलं होतं म्या."

शर्वाणी खुर्चीवर बसली.

"ते बेचाळीसवालं यंदा पहिलं येणार," मामा थोड्या वेळाने म्हणाले, आणि कुशीवर वळायला गेले, पण वळता आलं नाही.

बुधवारी सकाळी आठला ती शेडमध्ये होती. सॉफ्टवेअरवाल्यांना तिने फोन केला: 'परवा'च्या जागी 'आज' घाला, एक शब्द, इतकंच. सोमवारच्या चिठ्ठीवर 'आज' असेल, तर मामांना कुणी वर जाऊ देणार नाही. पलीकडचा मुलगा म्हणाला की काम दोन मिनिटांचं आहे, पण बदल-समितीची मंजुरी हवी, आणि समितीची बैठक परवा आहे.

"झालेली की व्हायची?"

"बघून सांगतो, मॅडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती नोंदवही उघडून बसली. कुठली पकड, कुठले बोल्ट, कधी आवळले. सोमवारच्या ओळीवर काट होती आणि काटेच्या बाजूला कारण लिहिलं होतं: पूर्वसूचना प्राप्त. ते तिने तीनदा वाचलं. मग ती मणेरांकडे वळली.

"डॉक्टर, सोमवारी चिठ्ठी आलीच नसती, तर?"

"तर दुपारी बोल्ट आवळले असते."

"आणि ट्रॉली?"

मणेरांनी चष्मा काढला. "ट्रॉलीला दुसरं काही झालेलं नव्हतं."

अपघाताचा इशारा हेच अपघाताचं कारण होतं. योग्य शब्द शोधायचीही गरज नव्हती. काहीच पाठवायला नको होतं. या कार्यालयात आजवर कुणी काही केलं नाही तर ते न झालेलंच राहिलं होतं. हे एक तेवढं आपोआप होणार होतं.

"आलेली चिठ्ठी अशी नाहीशी करता येते?" तिने विचारलं.

"गणिताची हरकत नाही. कार्यालयाची आहे का, ते तुम्ही बघा."

दहाला सात मिनिटं कमी होती. अपघाताची अधिकृत नोंद चिपाडे साहेबांच्या टेबलावर होती. ती सहीला येईपर्यंत नियमानुसार दोन दिवस लागले होते, आणि ते दोन दिवस स्फटिकाच्या लांबीत बरोबर बसत होते. ती धावत गेली तेव्हा साहेब पेनाचं टोपण काढत होते.

"साहेब, सही करू नका."

"का? अपघात झालाय ना?"

"झालाय. तुम्ही सही केली नाहीत, तर झालेला नसेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी खरोखर विचार केला; हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिने सगळं सांगितलं. सही झाली की यंत्र चिठ्ठी पाठवतं, चिठ्ठीमुळे बोल्ट राहतात, बोल्टांमुळे पाय जातो. सही नाही, तर चिठ्ठी नाही, तर पाय आहे. फक्त एक कागद पाच मिनिटं न हलवता ठेवायचा. या टेबलावर कागद चार-चार वर्षं राहिलेले आहेत, साहेब.

"म्हणजे अपघात झाला नाही, अशी नोंद करू?"

"नोंदच करू नका."

"मॅडम, झालेल्या अपघाताची नोंद न करणं हा गुन्हा आहे. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो उद्या झालेला नसला, तर मी कोणत्या अपघाताची नोंद केली नाही, हे मला सांगता यायला हवं. ते तुम्ही लेखी द्याल?"

"देईन. पण मग तो झालेलाच नसेल, तर मी काय लिहू?"

"हेच," साहेब म्हणाले, जरा हळहळून, आणि दहाच्या ठोक्याला सही केली. त्या टेबलावर वेळेत झालेली ती पहिलीच सही.

शर्वाणी शेडकडे धावली. पोलादी कपाटाला बटण नव्हतं, वायर जमिनीखालून होती आणि बाहेरून किल्ली नव्हती. तिने मामांचा पाना उचलला आणि कपाटावर घातला. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. मणेरही खांद्याने दार ढकलत होते. कपाट चांगलं बनलं होतं. तेवढी एक गोष्ट सगळ्यांनी मनापासून केली होती. दहा वाजून चार मिनिटांनी आतून टक् असा आवाज आला.

दुपारी समितीने अहवाल मंजूर केला. संदेश अपघाताच्या पाच तास अठरा मिनिटं आधी प्राप्त. वस्तू बरोबर, क्रमांक बरोबर, स्थिती बरोबर, शब्द मंजूर यादीतला. प्रकल्प शंभर टक्के यशस्वी. सावलीतल्या दोन खुर्च्या वार्ताहरांना मिळाल्या.

शर्वाणीने संध्याकाळी पाच वाजता आवक विभागात एक अर्ज दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला, विषय कोणत्या विभागाचा ते विचारलं, आणि शिक्का मारून तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. अर्ज असा होता:

प्रति, मा. अध्यक्ष, पूर्वसूचना समिती, सोनजाई रोपवे.

विषय: संदेश न पाठविण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्री. वाल्मीक आहिरे, चालक, हे येत्या चैत्रातील पायऱ्यांच्या शर्यतीत भाग घेऊ इच्छितात व त्याकरिता त्यांना दोन्ही पायांची आवश्यकता आहे. तरी परवा प्राप्त झालेला व आज रवाना झालेला सदर संदेश न पाठविण्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी, आणि सदर मंजुरी परवापासून (गेलेल्या) लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.