बापू गवंड्याचं 'येतो'

ऋताशी माझं रोजचं भांडण एका शब्दावरून. सकाळी दप्तर पाठीला लावून ती दारातून ओरडायची, "बाय, ममी!"

"बाय नाही. येते म्हण."

"बट आय ॲम गोइंग, लाह! येते कशाला?"

"घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, अभद्र असतं. म्हण येते, नाहीतर डबा देणार नाही." मग नऊ वर्षांच्या या बाईसाहेब तोंड वाकडं करून "येते" म्हणायच्या आणि लिफ्टकडे पळायच्या. परदेशात, सेंगकांगला अकराव्या मजल्यावर राहतो आम्ही; ते 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण या शब्दाच्या बाबतीत मी हट्टी आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याचे, प्रबोधचे बॉस चंद्रशेखर आमच्याकडे आले. प्रबोधचा एम्प्लॉयमेंट पास डिसेंबरात संपत होता, इथे कायम राहण्याचा, पीआरचा अर्ज अडकला होता, आणि त्यासाठीचं शिफारसपत्र यांच्या हातात. त्यामुळे मी सकाळपासून अळूवड्या तळत होते. त्यांना मात्र माझ्याकडून दुसरंच हवं होतं. पुण्यात असताना मी मोडी शिकले होते, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं.

ते पुस्तक लिहीत होते, इथल्या एका जुन्या डिटेक्टिव्हवर. इन्स्पेक्टर ग्रीव्ह. १८६९ मध्ये एका इंग्रज मळेवाल्याची बायको भरदुपारी स्वयंपाकघरात गळा चिरलेली सापडली. त्या घराची भिंत बापू गवंडी बांधत होता. साताऱ्याकडचा, काळ्या पाण्याची शिक्षा इथेच भोगून सुटलेला. ग्रीव्हने बुटांची मापं घेतली, दारावरचा चुना खरवडून तपासला, पेपरांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण फास बसला तो एका शब्दाने. निघताना बापू बाईंना म्हणाला होता, "येतो". मराठी धड न येणाऱ्या दुभाष्याने कोर्टाला सांगितलं, 'मी परत येईन, अशी धमकी दिली.'

चंद्रशेखरांनी बापूच्या जबाबाची फोटोकॉपी पुढे ठेवली. कुणा सहकैद्याने लिहून दिलेली मोडी. मी मोठ्याने वाचली. "मी घरी निघालो म्हणून येतो म्हणालो. आमच्यात जातो म्हणत नाहीत. साहेबाला हे कोणीतरी सांगा."

"अहो, हा तर निरोप घेत होता!" मी म्हणाले. "एवढ्यावर लटकवला बिचाऱ्याला?"

"मी नाही लटकवला, वहिनी." ते हसले. "पुस्तक आता छापायला जाईल. 'परत येईन' हेच राहू दे, नाहीतर माझा ग्रीव्ह खोटा ठरतो. भाषांतर अचूक आहे, एवढं लिहून सही करा. प्रबोधचं पत्र मी उद्याच पाठवतो."

प्रबोध जमिनीकडे बघत होता. ते कागद ठेवून गेले तेव्हा म्हणाला, "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो गं?"

मी सही केली. लाज वाटली, तरी केली.

ते ग्रीव्हच्या डायरीची प्रतही ठेवून गेले होते, त्यातला एक शब्द त्यांना लागत नव्हता. फासावर चढताना बापूने ग्रीव्हकडे बघून हात जोडले, पुन्हा 'येतो' म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून डायरीत रोज एकच नोंद. दुपारी दोन. दारावर तीन टकटक. बाहेर कुणी 'अ‍ॅलो' म्हणतं. कोरफड विकणारा असावा. दार उघडलं, कुणी नाही.

कोरफड! मला हसू फुटलं. मग ती इंग्रजी अक्षरं मी मराठीसारखी मोठ्याने म्हणून पाहिली.

आलो.

शेवटची नोंद होती, "आज माझ्याआधी एलेननं दार उघडलं." एलेन त्याची मुलगी. पुढची पानं कोरी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला माझ्या दारावर तीनदा टकटक झाली.

"आलो." पुरुषाचा आवाज, दमलेला, अदबीचा.

मी दार उघडलं. कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे, आणि ओल्या चुन्याचा वास. कुणी नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तेच. ऋताची बस सव्वादोनला येते, म्हणून माझा जीव भांड्यात. तरी तिला दहादा बजावलं, कुणालाही दार उघडायचं नाही.

गुरुवारी मी लिटिल इंडियात कढीपत्ता घ्यायला गेले आणि शाळा लवकर सुटली. घराची किल्ली ऋताच्या दप्तरात असते.

घरी पोचले तेव्हा चौकटीवर चुन्याची पाच बोटं उमटली होती. ऋता आत बिस्किटं खात होती.

"कोण आलं होतं?"

"अंकल. व्हेरी पोलाइट, लाह. चप्पल बाहेर काढली. पाणी मागितलं, मी दिलं."

"आणि?"

"मला मराठी शिकवलं."

रात्रभर तिला कुशीत घेऊन बसले. सकाळी प्रबोध चिडला, "शाळा बुडवायची का आता तुझ्या खुळापायी?" मी म्हटलं, बसपर्यंत सोडते. चपला घालायला वाकले, तेवढ्यात ती लिफ्टमध्ये होती.

"जाते, आई."

स्वच्छ मराठी. घाटावरचा हेल. मला ती जन्मात आई म्हणाली नव्हती.

"अगं, येते म्हण!"

"येते म्हणजे धमकी. तू सही केलीस ना?"

लिफ्टचं दार मिटलं.

अकरा मजले धावत उतरले. बसवाली म्हणाली, या ब्लॉकमधून आज कुणीच चढलं नाही. लिफ्ट रिकामी होती.

दीडच्या सुमारास एक तरुण डिटेक्टिव्ह आला. चांगला मुलगा होता, बूट बाहेर काढून आत आला. त्याने चौकटीवरचा चुना खरवडून पिशवीत घेतला. मग इंग्रजीत विचारलं, "शेवटी ती काय म्हणाली? अर्थ सांगा."

"मी जाते, असं म्हणाली."

"म्हणजे स्वतःहून गेली?"

"नाही हो! आमच्यात जाते म्हणत नाहीत." मी चौकटीकडे बोट दाखवलं. "आमच्यात असं कुणीच म्हणत नाही. तुमच्या साहेबांना सांगा हे!"

त्याने शांतपणे लिहून घेतलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. 'मुलीने जात असल्याचे सांगितले.' खाली, भाषांतर अचूक आहे, आणि सहीसाठी रेघ.

पेन हातात धरून मी दाराकडे बघत बसले. दोन वाजले. दारावर टकटक झाली नाही.