पाच जणांची जागा

दोन गाड्यांची तुलना करणं हे माझं पोटापाण्याचं काम. माझी पद्धत ठरलेली आहे. गाडी आधी पूर्ण रिकामी करायची, अगदी कप्प्यातला रुमालसुद्धा काढायचा. मग दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगानं, एकट्यानं चालवायच्या. ही पद्धत कधी घरच्याच गाडीवर वापरावी लागेल असं वाटलं नव्हतं.

भाऊजी गेले आणि त्यांची जुनी, लाल स्पोर्ट्‌स कार ताईकडे राहिली. बसकी, देखणी, दोनच सीटची. ब्रेकचा मात्र काडीचा भरवसा नाही. ताई तीच गाडी घेऊन रोज मोठ्या उतारावरून शाळेत शिकवायला जायची आणि इकडे माझ्या जिवाला घोर. गाडी बदल म्हटलं की तिचं एकच उत्तर, हे या गाडीत आहेत, त्यांना टाकून कशी जाऊ?

म्हणून एका सुट्टीच्या सकाळी मी एक नवी, छोटी हॅचबॅक घेऊन तिच्या दारात गेलो.

आधी लाल गाडी चालवली. इंजिन अजून खणखणीत, स्टिअरिंग जड, सगळीकडे पेट्रोल आणि जुन्या चामड्याचा वास. जुनं ते सोनं, मान्य. पण गाडी शेजारच्या सीटकडे कलत होती. परत आल्यावर वाकून पाहिलं. चाकांत हवा सारखी, स्प्रिंगाही धड. मग आत पाहावं म्हणून शेजारचं दार उघडलं, तशी ती बाजू चार बोटं वर आली.

कोडं दिसलं की मला राहवत नाही. मी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आता काहीच हललं नाही. गाडी सरळ उभी होती.

मग हॅचबॅकमध्ये बसलो. हलकी, शांत, शहाण्या मुलासारखी. फाटकाबाहेर पडलो आणि टिकटिक सुरू झाली. समोर सीटची छोटी चित्रं असतात, कोणी बसून पट्टा लावला नाही तर लाल होणारी. शेजारच्या सीटचं चित्र लाल होतं.

सीटवर काही नव्हतं. हात फिरवला. कोमट लागली. उन्हानं असेल, पण तिथं ऊन नव्हतं.

ताईला सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे या गाडीत येतात ते?"

मला हवं होतं तेच होत होतं. मी लगेच म्हणालो, "या गाडीत तर पाच जणांची जागा आहे, ताई."

ती चालवायला बसली. मी बाहेर खिडकीशी उभा राहिलो. टिकटिक सुरू झाली. तिनं हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा लावला.

"पट्ट्याचा यांना कायम कंटाळा," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती.

पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर पुढेच ताणून राहिला.

चित्र विझलं. मला हायसं वाटलं.

मागचं एक दार आपोआप लागल्यासारखा आवाज झाला. गाडी मागून किंचित खाली बसली.

टिकटिक पुन्हा सुरू झाली.

मागच्या तिन्ही सीटची चित्रं लाल होती.