दारूकोठारातला दिवा

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा!" संग्रहालयाचे अध्यक्ष रखवालदारीणबाईंवर गरजत असतानाच ताई शिडी चढून बुरुजात शिरली. मागून धापा टाकत धाकटा भाऊ आला. ताई खासगी गुप्तहेर. भाऊ तिची गाडी चालवायचा आणि स्वतःला तिचा उजवा हात समजायचा.

समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला थोपवायला बांधलेल्या या गोल बुरुजात आता संग्रहालय होतं. दार जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, शिडी आतून ओढून घ्यायची. आज साप्ताहिक सुट्टी. बारा ते एक शिडी वर होती आणि तेवढ्यात कपाटातली गोलंदाजांची रोजनिशी गेली. कपाटाची किल्ली बाईंच्या टेबलावर असायची.

"वीस वर्षं इथं राहतेय," बाई म्हणाल्या. "घर गेलं तरी चालेल, पण चोर म्हणून जाणार नाही."

भावाला फार वाईट वाटलं.

त्या तासात बाईंखेरीज आत आणखी दोघंच होते. गवंडी म्हणाला, "अकराला तोफेच्या दारूच्या कोठारामागं, बोळाच्या जमिनीवर ओला चुना घातला. मग गच्चीवर कामाला लागलो. बोळात पाय ठेवू नका हं."

चुन्यावर एकही ठसा नव्हता.

प्राध्यापक बुरुजाचा इतिहास लिहीत होते. "या बुरुजानं एकही गोळा डागला नाही, हे माझ्या पुस्तकात सिद्ध केलंय. बारा ते एक मी दारूकोठारात कोरीव अक्षरं उतरवत होतो."

"टॉर्च होता?" ताईनं विचारलं.

"कशाला? भिंतीतला दिवा होता की!"

कोठाराला खिडकी नव्हती. कोनाड्यात जाड काचेपलीकडे विझलेला दिवा होता. त्याची वात पांढरीशुभ्र होती.

"याचं बटण कुठंय?" भावानं भिंत चाचपली.

"तेलाचा आहे तो," बाई म्हणाल्या. "काल नवी वात घातली. आज सुट्टी, म्हणून लावला नाही."

ताई वळली. "प्राध्यापक, रोजनिशी काढा."

"काय पुरावा?"

"तोफेच्या दारूजवळ ज्योत नको, म्हणून दिवा काचेपलीकडे ठेवलाय. तिथं जायची वाट फक्त बोळातून. अकरानंतर बोळात कुणी गेलं नाही, म्हणजे वात कुणी बदललेली नाही. आणि ती जळलेलीच नाही. रोज तुम्ही यायच्या आधीच बाई दिवा लावून ठेवायच्या, म्हणून आजही तो असेल असं तुम्ही धरून चाललात. रोजनिशीत तोफा डागल्याची नोंद असणार, म्हणून ती तुम्हाला नकोशी झाली."

प्राध्यापकांनी मान खाली घातली आणि कोटाच्या आतून रोजनिशी काढली.

"जाऊ द्या हो बाई, झालं गेलं विसरा," अध्यक्ष पुटपुटले.

"चोर म्हणताना आवाज चांगला खणखणीत होता," बाई म्हणाल्या. त्यांनी गच्चीवरच्या गवंड्याला हाक मारली, तो येईपर्यंत ताठ उभ्या राहिल्या, मग अध्यक्षांकडे वळल्या. "हं. आता सगळ्यांसमोर बोला."