भाडेकरू

त्या दुपारी नेहमीसारखीच मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन धाकट्या भावाच्या खोलीत गेले. अंग पुसायचं, चादर बदलायची. कंबर बोलत होती. पण घरात आम्ही दोघंच, सांगणार कुणाला?

धाकट्याच्या डाव्या गुडघ्यावर लहानपणापासून हाडाचं एक टेंगूळ होतं. "निरुपद्रवी आहे, राहू द्या," असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्या टेंगळाला भाडेकरू म्हणायचे. बोटाने टकटक करून विचारायचे, "भाडेकरू, आहात का घरात?" धाकटा आवाज जाड करून म्हणायचा, "आहोत, आहोत!" पुढे तो शाळेची बस चालवू लागला, केस पिकले, तरी आमचा खेळ चालूच.

मग गुडघा ठणकायला लागला. "क्लच जड झालाय गं, ताई," तो म्हणाला. आम्ही क्लच दुरुस्त करून घेतला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! तोवर टेंगूळ लिंबाएवढं झालं. इतकी वर्षं गुमान बसलेल्या त्या हाडात कॅन्सर झाला होता. पाय मांडीपासून काढावा लागला. "सगळं निघालंय," सर्जन म्हणाले. मी विश्वास ठेवला. फार दमले होते मी.

तर मी फडकं पिळत होते, आणि आवाज आला. टक टक.

"तू वाजवलंस?"

"नाही गं..." त्याचे दोन्ही हात चादरीवर होते. पाय नव्हता तिथे चादर सपाट पडली होती. मी चाचपून पाहिली. काही नाही. खोलीत औषधाचा वास, आणि त्याचा तो कोरडा खोकला, गेल्या आठवड्यापासूनचा.

टक टक.

"ताई... खेळ नको ना आता."

"मी नाही रे..."

मी भिंतीला कान लावला, खाटेला लावला. मग त्याच्या छातीला. हृदय आपल्या चालीने चाललं होतं. त्याच्या बाजूला, फासळ्यांच्या आत, वेगळंच काहीतरी वाजत होतं. टक टक.

"ऐकू येतंय का काही?" त्याने विचारलं. माझ्या तोंडाकडे तो असा बघत होता, की मला रडू फुटलं.

"काही नाही. झोप."

तो झोपला. मी मात्र कान तिथेच ठेवून, जुन्या सवयीने, अगदी हळू विचारलं, "भाडेकरू... आहात का?"

धाकट्याचे ओठ मिटलेले होते. आतून, त्याच्या लहानपणीच्या त्या जाड आवाजात उत्तर आलं.

"आहोत, आहोत."