दुवा नसलेली ओळ

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेची एक बाजू चेपली होती. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. वर जायची तरंगकुपी तयार होती, पण तिचा आकडा आतून सुटेना. कुणीतरी बाहेर पाण्यात जाऊन तो हातानं सोडवायचा. पाण्यात उतरायचे सूट तर चेपलेल्या बाजूलाच गाडले गेलेले. जो जाईल तो तिथंच राहणार, हे तिघांनाही कळत होतं.

प्रमुख मृदुलाताई बाहेर पाण्यात उघडणाऱ्या कोठडीच्या दारापाशी गेल्या. दार उघडेना. इथले जुने फिटर दत्तोबाकाका त्यांना बाजूला सारून उभे राहिले. तरी नाही.

"सिद्राम, तुझा कोश काय म्हणतोय?" ताईंनी विचारलं.

नातेकोश सिद्रामनं बांधला होता. दारं, हवा, पाळ्या सगळं तोच बघायचा. कुणाचा शब्द मोडू नये अशा सुट्ट्या लावायला तो सगळ्यांचं बोलणं ऐकायचा. पण यंत्राला वचन म्हणजे काय ते सांगणार कसं? ते दिसत नाही, मोजताही येत नाही. मग सिद्रामनं डोकं लढवलं. एका तक्त्यात माणसं, प्रत्येकाची एक ओळ. दुसऱ्या तक्त्यात वचनं. त्या ओळींत नुसते दुवे. कुणी दिलं, कुणाला, कशाचं. बस, झालं वचन.

"ज्या माणसावर दुवा टेकलाय त्याची ओळ कोश पुसू देत नाही," तो म्हणाला. "ताई, तुम्ही लेकीला सांगितलंय, दहावीला जवळ असेन. काका, तुम्ही काकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेईन म्हणालाय. बाहेर गेलात तर ओळ पुसली जाणार. म्हणून दार बंद."

"मग मोड की ते," काका म्हणाले.

"देणाऱ्याला एकट्याला मोडता आलं तर ते वचन कसलं? समोरच्यानं सोडवावं लागतं. आणि वरचा फोन तर मेलाय."

"आणि तुझं?" ताईंनी विचारलं.

"माझ्या ओळीवर एकही दुवा नाही," सिद्राम म्हणाला. आई दर फोनला विचारायची, यंदा यात्रेला सोलापूरला येशील ना? तो म्हणायचा, बघू. मित्राच्या लग्नाला? बघू. 'बघू' म्हणजे वचन नाही, हे कोशाला त्यानंच शिकवलं होतं. उदाहरणं घरचीच.

"लबाडा," काका म्हणाले, "एखाद्याला तरी हो म्हणायचंस."

पाणी गुडघ्याला लागलं. सिद्राम दारापाशी गेला तसा वरचा दिवा हिरवा झाला.

काकांनी त्याचं मनगट धरलं. बोलले मात्र अगदी सहज, चहाला बसल्यासारखे. "वर गेल्यावर मला तुझ्या घरी ने. आईच्या हातची शेंगाचटणी खायचीय. नेशील ना?"

कोश ऐकत होता. ताईंनाही कळलं. "हो म्हण, सिद्राम," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शोधू."

दुसरं काही नव्हतं. तो हो म्हणाला तर दिवा विझणार, आणि तिघंही इथंच. आणि आज पहिल्यांदाच हो अगदी जिभेवर आलं होतं.

त्यानं मनगट सोडवून घेतलं.

"बघू, काका."

दार उघडलं.